तीन फुटांच्या आत

फोन खाली ठेव आधी. त्याचा उजेड डोळ्यांत जातो, आणि त्यावरच्या जुन्या कॅमेऱ्याचा फोटो बघून माझं डोकं फिरतं. उद्या सकाळी बोली लावणार म्हणतेस? हातात न घेता? अगं, चप्पल घेताना दुकानात चार फेऱ्या मारून बघतेस, आणि सत्तर वर्षं जुना म्हणून कुणी काहीही दाखवलं की लगेच भुललीस?

बरं, आता फुगू नकोस. काका ओरडला की तोंड फुगवायचं हे तुझ्या बापाकडून आलंय. तुम्ही दोघंही बसा इथंच. दिवा राहू दे बंद. एक सांगतो, मध्येच उठायचं नाही, कारण ही गोष्ट एकदा तुटली की मला पुन्हा जोडता येत नाही. ऐकीव नाही ही. ज्याच्यावर गुदरली तो माझा मित्र आहे, धडधाकट आहे आणि आठवड्यातून एकदा तरी फोनवर माझ्याशी भांडतो.

त्याला सगळे भिंगवाला म्हणतात. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग कायम त्याच्या खिशात. लिलावातून जुने कॅमेरे घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि हौशी लोकांना विकायचे, हा त्याचा धंदा. माणूस महातापट. लिलावात नकली माल दिसला की भर हॉलमध्ये उभा राहणार आणि ओरडणार, "हा कॅमेरा नाही, डबा आहे! साखर भरून ठेवा यात!" कितीतरी ठिकाणी त्याला दारातूनच हाकलायचे. आम्ही समजवायचो, की बाबा, गप्प राहा, आपण नाही घ्यायचं म्हणजे झालं. पण त्याला गप्प बसणं जमायचंच नाही. आणि का जमायचं नाही हे मला ठाऊक होतं.

त्याचा थोरला भाऊ, दादा, वर्तमानपत्रात फोटोग्राफर होता. एकोणीस वर्षांपूर्वी एका रात्री काम आटपून स्कूटरवरून घरी येताना त्याला ट्रकनं उडवलं. लोकांना दिसला तेव्हा उजाडत आलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता.

अपघात होतात रे. ट्रकवाल्याला शिव्या घालून घालून माणूस कधीतरी दमतो. पण दादाच्या गळ्यात कॅमेरा असायचा, झोपताना काढायचा तेवढाच. तो नव्हता. पट्ट्यासकट गेला होता, आणि मानेवर ओढाताणीची खूणसुद्धा नव्हती. म्हणजे कुणीतरी गाडी थांबवली होती. कुणीतरी खाली वाकलं, दादाचं डोकं हातावर उचललं, गळ्यातून पट्टा अलगद काढला... आणि डोकं परत रस्त्यावर ठेवून दिलं.

परत ठेवून दिलं! जिवंत माणसाचं डोकं! मला आज सांगतानाही हात शिवशिवतात. मग भिंगवाला एकोणीस वर्षं कसा जगला असेल, विचार करा.

तर मागच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळी त्याला वहिनींचा फोन आला. दादाच्या बायकोचा.

"भाऊजी, जेवलात?"

"अजून नाही. का हो?"

"जेवून घ्या, मग सांगते."

"वहिनी, सांगा आता."

"उद्याच्या लिलावात यांचा कॅमेरा आलाय."

त्या वर्षी दादाच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, नाव झालं होतं. लिलाववाल्यानं जाहिरातीत लिहिलं होतं, की हा त्यांचाच कॅमेरा, जाण्याआधी त्यांनी एका मित्राला भेट दिलेला. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी जन्मात कुणाला रुमाल दिला नाही, कॅमेरा कुठला देतायत? भाऊजी, तुम्ही जाऊन बघा. मला तो विकत नकोय. तो खरा असला तर आणून देणारा कोण, एवढंच मला हवंय."

कळलं ना? कॅमेरा खरा निघाला, तर त्याचा माग काढत काढत त्या रात्री रस्त्यावर वाकलेल्या माणसापर्यंत जाता येणार होतं. त्या बाईला जगात दुसरं काही नको होतं. भिंगवाला ताट तसंच टाकून निघाला.

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी माल बघायला देतात, ही सगळीकडचीच पद्धत. हातात घ्या, उलटापालटा करा, फक्त उघडायचा नाही. एकदा हातोडा पडला की मग तक्रार चालत नाही. हे लिलावघर दुमजली होतं, जुनं पण रंगरंगोटी केलेलं. खाली मोठा हॉल, त्यात सकाळसाठी खुर्च्या मांडून ठेवलेल्या, पुढं टेबलांवर माल. हॉलच्या टोकाला मालकाची काचेच्या दाराची खोली. मालक साठीचा, डोक्यावर पांढरेशुभ्र केस, तोंडात साखर. "या या साहेब, तुमच्यासारख्या पारख्यांसाठीच तर हा खटाटोप!" म्हणाला आणि फोनवर बोलत खोलीत गेला. उशीर झाला होता. बाकीचे लोक एकेक करून निघून गेले. वॉचमननं पुढचे दिवे घालवले आणि तो फाटकाशी जाऊन बसला.

भिंगवाल्यानं कॅमेरा उचलला. खिशातून भिंग काढलं.

आता इकडं लक्ष दे, तुझ्या कामाचं आहे. जुन्या काळ्या कॅमेऱ्याचा रंग झिजतो आणि खालचं पितळ दिसायला लागतं. पण कुठं? जिथं बोटं घासतात तिथं. ह्या कॅमेऱ्यावर पट्ट्याच्या कडीमागच्या खाचेतसुद्धा पितळ दिसत होतं, जिथं बाळाचं बोटही शिरणार नाही. भिंगातून बघितलं तर सगळे ओरखडे एकाच दिशेला. पॉलिशपेपर! दुसरी गोष्ट, तळाला दादाचं नाव कोरलेलं. रंग झिजला की कोरलेली अक्षरंही बोथट होतात. इथं आजूबाजूचा रंग उडालेला आणि अक्षरांच्या कडा अशा, की बोट कापावं. आधी झिजवलाय आणि मग नाव कोरलंय.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पोचा. दादाचा कॅमेरा एकदा जिन्यावरून पडला होता, वरच्या उजव्या कोपऱ्याला पोचा होता. ह्यालाही होता, पण डाव्या कोपऱ्याला. भिंगवाला क्षणभर गोंधळला आणि मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रदर्शनाच्या पोस्टरवर दादाचा कॅमेरा हातात घेतलेला फोटो होता, आणि तो छापणाऱ्यानं आरशातल्यासारखा उलटा छापला होता. शर्टाचा खिसा दुसऱ्या बाजूला गेला होता. भिंगवाला तेव्हा आयोजकांशी कडाकडा भांडला होता. ज्यानं कुणी हा डबा बनवला, त्यानं त्या पोस्टरवरून पोचा उचलला होता. हातोडीनं ठोकून, चुकीच्या कोपऱ्यावर!

म्हणजे नकली. शंभर टक्के नकली. तुम्हाला वाटेल, चला, बरं झालं, पैसे वाचले. पण वहिनींना काय सांगणार? कॅमेरा खोटा म्हणजे मागही खोटा. एकोणीस वर्षांनी एक दार किलकिलं झालं होतं, तेही भिंतीवर रंगवलेलं निघालं. मेलेल्या माणसाचं नाव एका डब्यावर कोरून विकायचं, आणि त्याची बायको जाहिरात बघून रात्र जागवतेय. भिंगवाल्याला वाटलं, हा असाच मालकाच्या टाळक्यात घालावा.

पण हाताची सवय. ठेवायच्या आधी त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

असल्या कॅमेऱ्यात अंतर मोजायची सोय असते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक पिवळट चौकोन दिसतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. घाबरू नका, ती काचेची करामत. पुढची कडी फिरवत गेलं की दोन माणसं सरकत सरकत एकमेकांवर बसतात. बसली की कडीवरचा आकडा वाचायचा, तितक्या फुटांवर माणूस उभा. नकली मालात हे काही नसतं. साधी काच चिकटवलेली असते. चौकोन नाही, काही नाही. कडी नुसतीच फिरते.

ह्यातही चौकोन नव्हता. खुर्च्या दिसत होत्या. रिकाम्या, एकेकच.

फक्त एका खुर्चीत माणूस बसलेला होता. तो दोन दिसत होता.

भिंगवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. खुर्ची रिकामी.

पुन्हा लावला. माणूस होता. खुर्ची एक, दिवा एक, भिंत एक... आणि माणूस दोनदा. कोण आहे म्हणून विचारायचं सोडून त्याच्या बोटांनी कडी फिरवली. आयुष्यभर हेच केलेलं. दोन्ही आकृत्या सरकल्या, जुळल्या. त्यानं आकडा वाचला.

पंधरा फूट.

"कोण... कोण आहे?"

 त्यानं पुन्हा डोळा लावला. आकृत्या परत सुट्या झालेल्या. खुर्चीत आता कुणी नव्हतं. माणूस उभा होता. पुन्हा कडी.

दहा.

भिंगवाला जागचा हलला नव्हता. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर समोर मोकळी फरशी.

सात.

पेट्रोलचा वास आला. स्कूटर आडवी पडली की येतो तसा.

पाच.

आता चेहरा दिसायला हवा होता, पण आकृती दोन, त्यामुळं नाकडोळे एकमेकांत मिसळलेले.  कडी फिरवली.

तीन.

कडी तिथं संपते. तीन फुटांच्या आतलं ह्या कॅमेऱ्याला मोजताच येत नाही. कडी अडली... आणि आकृत्या पुन्हा सुट्या झाल्या.

तो तीन फुटांच्या आत आला होता.

मग दोन्ही चेहरे आपोआप एकमेकांवर बसले.

दादा.

अंगावर तोच चेक्सचा शर्ट. एका बाजूचा कान आणि गाल रस्त्याच्या धुळीनं माखलेला. गळा उघडा.  पण दादा भिंगवाल्याकडं बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता. आणि पोरांनो, मित्र मला म्हणाला, की मी स्वतःला तापट समजत होतो. राग काय असतो ते मी त्या डोळ्यांत बघितलं.

दादा बाजूनं पुढं गेला. भिंगवाला कॅमेरा डोळ्याला लावूनच वळला. चार फूट... आठ... बारा. काचेचं दार. मालकाची खोली.

तो मागोमाग चालत गेला. दार ढकललं.

मालकानं फोन ठेवला, बघितलं आणि हसला. "अहो, फोटो काढताय की काय माझा? रोल नाही त्यात!"

 कॅमेऱ्याच्या खिडकीतून भिंगवाल्याला मालक दिसत होता, खुर्चीत बसलेला, एक. आणि मालकाच्या मागं दादा. दोन.

"साहेब, बघायला दिलाय, घेऊन फिरायला नाही. ठेवा तो."

भिंगवाल्यानं कडी फिरवली. हळूच. दोन दादा जवळ सरकले.

मालकानं कॉलर सैल केली.

अजून थोडी.

मालकाचा हात गळ्यावर गेला. डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, पण...

कडी मागं घेतली. मालकानं धापा टाकत श्वास घेतला. "काय... काय करताय तुम्ही?"

तेव्हा भिंगवाल्याला कळलं, की हे आपल्या बोटांत आहे.

"हा कॅमेरा खोटा आहे," तो म्हणाला. "खरा कुठं आहे?"

"कुठला ख..."

कडी. मालक टेबलावर आडवा झाला. नखं टेबलाच्या काचेवर घासली.

"खरा कुठं आहे?"

"कपाट... खालचा कप्पा... मी विकला नाही... त्याचा नंबर पोलिसांत... मी हातसुद्धा लावला नाही परत..."

"कुणी काढला गळ्यातून?"

भिंगवाल्यानं पुन्हा कडीवर बोट ठेवलं.

"कुणी डोकं उचललं त्याचं?"

"मी... तो... तो बोलत होता. पाणी मागत होता..."

"आणि तू?"

"माझी गाडी..." मालक रडायला लागला. "गाडी नवी होती हो. रक्त... सगळ्या सीटला..."

गाडी नवी होती.

ऐकलंत? गाडी नवी होती! सीट खराब झाली असती! अरे, थूत्... जाऊ दे. पाणी दे मला जरा.

...

हां. तर भिंगवाल्यानं कडी फिरवली. शेवटपर्यंत. दोन दादांचा एक दादा झाला, आणि तो एक दादा मालकाच्या पाठीशी वाकला. मालकाचे पाय खुर्चीखाली झाडले गेले. चेहरा काळानिळा. भिंगवाला बघत राहिला. बघायचं होतं त्याला. एकोणीस वर्षं ह्याचीच वाट बघितली होती. नुसतं बोट तसंच ठेवायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं.

मालकाचं डोकं टेबलावरून घसरलं आणि खाली फरशीवर आपटलं.

तो आवाज...

एक डोकं, जमिनीवर. वर उभा एक माणूस, हातात कॅमेरा.

भिंगवाल्यानं कॅमेरा भिंतीवर फेकून मारला. त्याचे तुकडे झाले. खोलीत तो आणि मालक, आणखी कुणी नाही. पेट्रोलचा वास गेला होता. तो गुडघ्यांवर बसला, मालकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि वॉचमनला हाका मारल्या. दोघांनी उचलून त्याला त्याच्याच गाडीत घातलं, मागच्या सीटवर. कपाळ फुटलं होतं, रक्त वाहत होतं. भिंगवाल्यानं मुद्दाम खाली काही अंथरलं नाही. दवाखान्यापर्यंत तो गाडी हाकत होता आणि शिव्या देत होता. "मरायचं नाही भडव्या! मरून सुटायचं नाही! जगायचंस तू!" अशा शिव्या देत देत त्यानं त्याचा जीव वाचवला. मला विचाराल तर मी नसता वाचवला. पण मी दादाचा भाऊ नाही.

मालक वाचला. शुद्धीवर आल्यावर पोलिसांपुढं सगळं घडाघडा ओकला. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही, आपणहून. दवाखान्यात त्याला एकच भीती, की खोलीत कुणी आपल्याकडं कॅमेरा रोखेल. नर्सनं मोबाइल काढला तरी पलंगाखाली शिरायचा. आणि चौथ्या दिवशी रात्री झोपेतच गेला. हृदय बंद पडलं म्हणाले. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

कपाटातून निघालेला कॅमेरा सगळे सोपस्कार होऊन वहिनींच्या ताब्यात आला तेव्हा उन्हाळा लागला होता. आत रोल तसाच होता. इतकी वर्षं कुणी तो उघडलाच नव्हता. मालकाची छाती झाली नव्हती आणि पोलिसांना गरज वाटली नव्हती. भिंगवाल्यानं मला बोलावून घेतलं. वहिनींच्या घरी, न्हाणीघरात अंधार करून आम्ही दोघांनी रोल धुतला आणि फोटो छापले. मी स्वतः होतो तिथं, तेव्हा खोटं सांगण्याचा प्रश्नच नाही.

बरेचसे फोटो जुनेपणानं काळवंडलेले. कुठल्यातरी सभेचे, भाषणं, माणसं. शेवटचा तेवढा लख्ख आला होता. रस्त्यावर उताणं पडलेल्या माणसानं छातीवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबावं, तसा खालून वर घेतलेला. मागं रस्त्यावरचा दिवा. आणि वाकलेला, कॅमेऱ्याकडं हात पुढं केलेला मालक.

वहिनी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, ह्यांनी काढून ठेवला." आणि डोळे पुसून आत गेल्या.

मला तोवर काही खटकलं नव्हतं. भिंगवाला मात्र हलेना. त्यानं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि फोटोवर वाकला. मग भिंग माझ्या हातात दिलं.

एकोणीस वर्षांपूर्वी मालक चाळिशीचा होता. पोलिसांकडं त्याचा तेव्हाचा फोटो मी बघितला होता. काळे कुळकुळीत केस.

फोटोतले केस पांढरेशुभ्र होते.

कपाळावर टाके होते. आणि पुढं केलेल्या हाताच्या मनगटावर दवाखान्यात बांधतात तसली प्लास्टिकची पट्टी होती. भिंगातून त्या पट्टीवरचं त्याचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.